डोंगराचा दिवस मोकळा ठेवा, पैशांचं मात्र इथूनच ठरवून जा

वाचकांचे प्रश्न : प्रवास

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या, तसा या महिन्याच्या पत्रांत स्वित्झर्लंडचा नुसता पाऊस पडला आहे. पत्रं पुष्कळ असली तरी प्रश्न दोनच प्रकारचे आहेत: बर्फाच्या डोंगरावरचा दिवस कसा आखायचा, आणि पैसे कसे न्यायचे. माझी सगळी नोकरी नागपुरात बँकेच्या परकीय चलनाच्या खिडकीवर झाली आणि आता लेक बाझेलला असल्यामुळे तिकडचे डोंगर ओळखीचे झाले आहेत. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर देते. आपल्याकडची माणसं या सहलीसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवतात. त्यातल्या कुणी वर जाऊन फक्त धुकं पाहून यावं, किंवा मशीनवर चुकीचं बटण दाबून हजारो रुपये घालवावेत, हे मला बघवत नाही.

ताई, आम्ही दोघं, ११ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इंटरलाकेनला चार रात्री राहणार आहोत. टूर कंपनी घेतलेली नाही. मंगळवारी युंगफ्राऊयोख आणि बुधवारी टिटलिस, अशी या दोन बर्फाच्या डोंगरांची तिकिटं आत्ताच काढून ठेवावी का? सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, गुडघेही दुखतात.
— एक वाचक, मनीषनगर

विमान, हॉटेल, विमा सगळं आत्ता पक्कं करा. डोंगराचं तिकीट मात्र काढू नका. तुमच्या हातात चार दिवस आहेत हीच तुमची खरी श्रीमंती आहे, ती मंगळवारला बांधून टाकू नका. आल्प्समधली हवा मे महिन्यात फार लहरी असते. खाली इंटरलाकेनला स्वच्छ ऊन आणि वर ढगांत काहीच दिसत नाही, हे तर होतंच. पण याच्या उलटही होतं. दरीत ढग दाटलेले असतात आणि ३,००० मीटरच्या वर आभाळ निळंशार असतं. म्हणून हॉटेलच्या खिडकीतून बघून कधीही ठरवू नका. प्रत्येक मोठ्या डोंगरावर थेट कॅमेरे लावलेले आहेत, ते रेल्वेच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. आदल्या रात्री अंदाज बघा, सकाळी सहाला उठून कॅमेरा बघा, आणि वर ऊन दिसलं की निघा. तिकडच्या सरकारी हवामान खात्याचं ॲप मेटिओस्विस, आणि गाड्यांच्या वेळांसाठी एसबीबी. ही दोन्ही नागपुरातूनच फोनवर घेऊन ठेवा.

युंगफ्राऊयोखच्या गाडीत जागेचं आरक्षण तिकिटापासून वेगळं असतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. गर्दीच्या दिवसांत ते घ्यावंच. ते एक-दोन दिवस आधी, अंदाज बघून घ्या. सकाळची शक्य तितकी लवकरची वेळ धरा, कारण दुपारी ऊन तापलं की दरीतली वाफ वर चढते आणि शिखरं झाकायला लागतात.

आता रस्ता. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला गाडीनं अर्धा-पाऊण तास. तिथून आयगर एक्सप्रेस नावाचा दोरावरचा मोठा पाळणा (केबल कार) आहे, २०२० च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला, तो पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला नेतो. तिथून दातेरी रुळांची गाडी आयगर आणि मोंख या डोंगरांच्या पोटातून सात किलोमीटरच्या बोगद्यानं ३,४५४ मीटरवर पोचते. हे काम १८९६ ला सुरू झालं आणि गाडी १९१२ साली वर पोचली. त्या काळात हे करणाऱ्या मजुरांची आठवण बोगद्यात ठेवावी, असं मला नेहमी वाटतं. उतरताना त्याच वाटेनं येऊ नका. क्लायने शायडेग, वेंगेन, लाउटरब्रुनेन या बाजूनं उतरा. वेंगेनला मोटारी जातच नाहीत, आणि तिथून खाली दिसणारी दरी वरच्या बर्फाइतकीच सुंदर आहे. निघताना वरून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ फोनमध्ये टिपून ठेवा.

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. आपल्याला डोंगर म्हणजे चिखलदरा नाहीतर पचमढी. तुम्ही दोन तासांत साडेतीन हजार मीटरवर जाल, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. चक्कर, डोकेदुखी, दोन पायऱ्यांत धाप, हे तरण्याताठ्यांनाही होतं. गाडीतून उतरल्यावर मुलाला धावू देऊ नका. आधी दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग हळूहळू चाला. त्रास वाढतोय असं वाटलं तर औषध शोधत बसू नका, पुढच्या गाडीनं खाली या. खाली आलं की बहुतेकांना बरं वाटतं. थंडीचा हिशेब असा की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. इंटरलाकेनला २० अंश असेल तर वर शून्याच्या आसपास, आणि वाऱ्यात त्याहून कमी. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जॅकेट बरं. काळा चष्मा सगळ्यांना हवाच, मुलालासुद्धा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो आणि उंचीवर ते किरण आधीच जास्त असतात. नागपूरच्या उन्हाची सवय इथे कामाला येत नाही. बूट मात्र नवे कोरे नेऊ नका. सेमिनरी हिल्सवर नाहीतर अंबाझरीच्या बाजूला सकाळी फिरायला जाताना दोन-तीन आठवडे तेच घाला.

सासूबाईंबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. त्यांच्या डॉक्टरांना "३,४५४ मीटर, वर दोन तास" असं नेमकं सांगून विचारा. नुसतं "फिरायला जातोय" म्हटलं तर तेही होच म्हणतील. पण डॉक्टरांनी होकार दिला तरी त्यांना वर न्यायलाच हवं का, याचा मोकळ्या मनानं विचार करा. क्लायने शायडेग २,०६१ मीटरवर आहे. तिथल्या स्टेशनसमोर आयगर, मोंख आणि युंगफ्राऊ तिन्ही एका रांगेत उभे दिसतात. उन्हात बसायला बाकं आहेत, गरम चहा-कॉफी मिळते, आणि पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तुमच्यापैकी एकानं मुलाला घेऊन वर जावं, दुसऱ्यानं त्यांच्यासोबत तिथे बसावं. तिकिटातला सर्वांत महाग टप्पा त्याच्या वरचाच आहे, त्यामुळे पैसेही वाचतात. तीन शिखरांसमोर शांत बसून घालवलेली दुपार त्यांना बोगद्यातल्या गर्दीपेक्षा जास्त आवडेल, अशी माझी खात्री आहे.

टिटलिस मात्र सोडाच. इंटरलाकेनहून ल्युसर्नला जवळजवळ दोन तास, तिथून एंगेलबर्गला पाऊण तास, पुढे पाळणे. परत येणंही तसंच. ल्युसर्नला मुक्काम असेल तर टिटलिस योग्य, इंटरलाकेनहून नाही. बर्फ एकदा पोटभर बघितला की पुरे. दुसऱ्या स्वच्छ दिवशी हार्डर कुल्मला जा. इंटरलाकेनमधूनच दोरावर ओढली जाणारी गाडी दहा मिनिटांत वर नेते. उंची १,३२२ मीटर, म्हणजे आपल्या पचमढीच्या धूपगडाहून थोडी कमीच. सासूबाईंना काही त्रास नाही, आणि एका बाजूला थुनचं सरोवर, दुसऱ्या बाजूला ब्रिएंझचं, समोर बर्फाची रांग, असं सगळं एका जागेवरून दिसतं.

ढगाळ दिवसाचा बेतही इथूनच करून ठेवा म्हणजे त्या दिवशी तोंडं उतरणार नाहीत. लाउटरब्रुनेनच्या दरीत ट्रुमेलबाखचे धबधबे आहेत, डोंगराच्या आत, आयगर-मोंख-युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं पाणी घेऊन कोसळणारे. ते भर पावसात बघण्यासारखे. तिथे लिफ्ट असली तरी ओल्या पायऱ्याही बऱ्याच आहेत, म्हणून सासूबाईंचे गुडघे आधी विचारात घ्या. त्या दिवशी त्यांच्यासाठी ब्रिएंझची बोट जास्त सोयीची.

पास कोणता, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. स्विस ट्रॅव्हल पासवर गाड्या, बोटी, बस मोफत. युंगफ्राऊयोखला मात्र वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच मोफत आणि पुढे २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्ड घेतलं तर सगळीकडे साधारण निम्मं भाडं, युंगफ्राऊयोखलाही. युंगफ्राऊयोखचं पूर्ण परतीचं भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं, म्हणजे एवढ्या एकाच तिकिटात हिशेब फिरू शकतो. एकाच गावात राहून एक-दोन महागडे डोंगर बघणाऱ्यांना बहुधा हाफ फेअर परवडतं. रोज नवं शहर करणाऱ्यांना पास. तुम्ही पहिल्या प्रकारातल्या. मुलासाठी फॅमिली कार्ड मागून घ्या, ते मोफत असतं. ६ ते १५ वर्षांची मुलं त्यावर आई-वडिलांसोबत मोफत प्रवास करतात. मागितलं नाही तर कुणी आपणहून देईलच असं नाही.

नमस्कार. जूनमध्ये लग्नानंतर आम्ही पॅरिस आणि स्वित्झर्लंडला चाललोय. बाबा म्हणतात, सगळे पैसे युरोत रोख घेऊन जा. मित्र म्हणतो, क्रेडिट कार्ड पुरेसं आहे, आणि आता तर यूपीआय पण चालते तिकडे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

आधी दोघांना शुभेच्छा. बाबांचं थोडं ऐका, मित्राचं थोडं ऐका, आणि यूपीआयचा विचार सोडून द्या. पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २०२४ पासून यूपीआयची सोय आहे हे खरं. पण त्याच्या भरवशावर देशाबाहेर जेवणाखाण्याचा बेत होत नाही.

बाबांच्या सल्ल्यातली पहिली अडचण अशी की स्वित्झर्लंडमध्ये युरो चालत नाहीत, तिथलं चलन फ्रँक. पर्यटकांच्या गावात दुकानदार युरो घेतात, पण दर त्यांचा आणि सुटे फ्रँकमध्ये. दुसरं, एवढी रोकड खिशात घेऊन पॅरिसच्या मेट्रोत फिरणं म्हणजे सगळा प्रवास पाकिटावर हात ठेवून करायचा. तसंही रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच परकीय नोटा नेता येतात, बाकीचं कार्डावरच.

मी माझ्या माणसांना सांगते ते असं. मोठा भाग फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डावर ठेवा आणि त्यात युरो आणि फ्रँक दोन्ही वेगवेगळे भरा. फक्त युरो भरून फ्रँकमध्ये कार्ड वापरलं तर बँक एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचा आकार लावते, आणि तो लोकांच्या लक्षातही येत नाही. दोघांच्या नावावर एक-एक क्रेडिट कार्ड, शक्यतो वेगवेगळ्या बँकांचं. हॉटेलवाले अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात, त्यासाठी क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्डावरचे पैसे अडकले तर ते सुटेपर्यंत तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. आणि रोख दोघांत मिळून दोन-अडीचशे युरो, तेवढेच फ्रँक. ५० च्या वरची युरोची नोट घेऊ नका. ५०० ची तर अजिबात नाही, ती २०१९ पासून नव्यानं चलनात आणणं बंद आहे आणि दुकानदार हात लावत नाहीत.

क्रेडिट कार्डाचा हिशेब एकदा नीट बघा. बहुतेक बँका परदेशातल्या खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण सव्वाचार टक्क्यांच्या जवळ. समजा फ्रँक १०० रुपयांना आहे आणि जेवणाचं बिल २०० फ्रँक. वीस हजारांवर सव्वाआठशे रुपये वर गेले. हा आकार कमी किंवा शून्य असलेली कार्डंही मिळतात, आधी चौकशी करा. क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख मात्र कधीच काढू नका. त्यावर वेगळा आकार आणि काढल्या दिवसापासून व्याज.

आता ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवलं ती गोष्ट. तुम्ही कार्ड घातलं की मशीन विचारतं: फ्रँकमध्ये देणार की रुपयांत? समोर रुपयांचा ओळखीचा आकडा दिसतो, बरं वाटतं, आणि बोट तिकडेच जातं. तसं करू नका. रुपये निवडले की दर तुमची बँक लावत नाही, त्या मशीनची कंपनी लावते, आणि तो दर चांगला चढा असतो. शिवाय आपल्या काही बँका त्या रुपयांतल्या व्यवहारावरही वेगळा आकार घेतात. नेहमी तिथलं चलन निवडायचं, पॅरिसला युरो, तिकडे फ्रँक. कधीकधी वेटर स्वतःच रुपयांचं बटण दाबून मशीन पुढे करतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर कोणतं चलन आहे ते वाचा, आणि रुपये दिसले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. यात संकोचण्यासारखं काही नाही. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथेही हेच उत्तर.

निघण्याआधी सीताबर्डीला नाहीतर सदरला जाऊन एकाच ठिकाणी चौकशी करून नोटा घेऊ नका. दोन बँका आणि एक-दोन परवानाधारक चलन विक्रेते यांना एकाच दिवशी, एकाच तासात फोन करा. "आजचा दर काय" असं विचारू नका. "मला १,००० फ्रँक कार्डावर हवेत, कर, आकार सगळं धरून माझ्या खात्यातून एकूण किती जाईल" असं विचारा. मग कुणाचा दर खरा स्वस्त ते लगेच कळतं. जीएसटी यात किरकोळ असतो, एक लाखाच्या चलनावर १८० रुपये. फरक पडतो तो दरात. विमानतळावरच्या काउंटरवर हा फरक सर्वांत जास्त, तिथे फक्त नडीला घ्या. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन सोबत ठेवा. ५० हजारांच्या वरचे पैसे रोख घेत नाहीत, खात्यातूनच द्यावे लागतात.

तीन कामं घरूनच करा. कार्डांचा आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या ॲपमध्ये चालू करा. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशात चालतील अशीच येतात, आणि हे परदेशातल्या तिकीट खिडकीपुढे उभं राहिल्यावर कळणं फार वाईट. प्रत्येक कार्डाचा पिन पाठ करा, तिकडच्या स्टेशनवरची यंत्रं पिन मागतात. आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो त्या सिमचं रोमिंग चालू ठेवा, नाहीतर तिथे बसून डोंगराचं तिकीट ऑनलाइन काढता येणार नाही. दोघांनी सगळी कार्डं एकाच पर्समध्ये ठेवू नये, हे तर तुम्हाला कळतंच.

बाबांना सांगा, रोख नेतोय, पण गरजेपुरती. त्यांची काळजी खरी आहे. त्यांच्या पिढीला परदेशात कार्ड अडकलं तर कुणाला विचारायचं ही भीती वाटते. बँकेचा परदेशातून लावायचा फोन नंबर कागदावर लिहून एक प्रत त्यांच्याकडेही ठेवा.

माझ्या दिरांनी फार वर्षांपूर्वी आणलेल्या स्विस नोटा घरात आहेत, सगळ्या मिळून २६० फ्रँक, आणि थोडी नाणी. या वर्षी आम्ही जातोय. चालतील का?
— एक वाचक, महाल

नोटांवर काय चित्र आहे ते बघा. माणसांचे चेहरे असतील तर त्या जुन्या मालिकेतल्या. ३० एप्रिल २०२१ पासून त्या दुकानात चालत नाहीत. हात आणि पृथ्वीगोल असेल तर नव्या, त्या चालतील. पण जुन्या फेकू नका, त्यांची किंमत गेलेली नाही. स्विस नॅशनल बँक त्या नव्या नोटांमध्ये बदलून देते आणि त्याला मुदत नाही. तिच्या खिडक्या बर्न आणि झुरिकला आहेत. इंटरलाकेनहून बर्न गाडीनं तासाभराच्या आत आहे, आणि जुनं शहर बघण्यासारखं. डोंगरावर ढग असतील त्या दिवशी जा, फक्त शनिवार-रविवार टाळा. नाण्यांची चिंता नको. १० रापेनचं, म्हणजे फ्रँकच्या दहाव्या भागाचं नाणं तर १८७९ पासून तेच आहे आणि त्या वर्षाचं हाती आलं तरी आजही चालतं.

संत्रा बर्फी आणि घरचं तूप नेलं तर चालेल का? मुलांना तिकडचं खाणं आवडत नाही.
— एक वाचक, धरमपेठ

नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसापासून बनलेले पदार्थ नेण्याची मनाई आहे. बर्फीत खवा, त्यामुळे तीही त्यात आली आणि तूपही. ताजी फळं, कढीपत्ता, मिरच्या हेही नको. चिवडा, खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तयार उपम्याची पाकिटं खुशाल न्या. कोऑप आणि मिग्रोस या दुकानांत दही, ब्रेड, फळं, भाजलेले बटाटे सगळं मिळतं आणि हॉटेलच्या मानानं पुष्कळ स्वस्त. तिथून डबा भरून डोंगरावर जा. शनिवारीच सामान भरा, रविवारी स्टेशनवरची सोडून बहुतेक दुकानं बंद असतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. गावागावांत चौकातल्या कारंज्यांना पिण्याचं पाणी असतं, पिण्यायोग्य नसेल तिथे तशी पाटी लावलेली असते.

मी निवृत्त शिक्षिका. पहिल्यांदाच परदेशी जातेय, टूर कंपनीबरोबर, मैत्रिणींसोबत. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. डोंगराचा दिवस कंपनीनं ठरवलेला आहे, मला बदलता येणार नाही. कंपनीनं पैशांवर टीसीएस लावला, तो काय असतो? आणि हातखर्चाला किती नेऊ?
— एक वाचक, प्रतापनगर

बाई, तुमचा दिवस ठरलेला असला तरी विचारायला हरकत नाही. बस तुमच्याच समूहाची असेल तर पहिल्या रात्रीच टूर मॅनेजरला सगळ्या मैत्रिणींनी मिळून विनंती करा, की अंदाज वाईट असेल तर डोंगराचा आणि शहराचा दिवस अदलाबदल करता येईल का. गट मोठा असला तर नेहमीच जमत नाही, पण वेळेवर आणि गोडीनं विचारलं तर बऱ्याचदा जमतं.

इन्सुलिनची काळजी मात्र स्वतः घ्या. विमानात ते हातातल्या बॅगेतच हवं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सामानाच्या डब्यात गोठण्याची भीती असते आणि बॅग हरवली तर औषधही गेलं. डोंगरावर ते आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी वापरायचं नाही. साखर मोजायचं यंत्रही फार थंडीत चुकीचे आकडे देतं किंवा बंद पडतं, तेही खिशातच. थंडीत आणि चालण्यानं साखर उतरू शकते, म्हणून गोळ्या-बिस्किटं हाताशी ठेवा. जेवणाची वेळ गटाच्या मागे लांबवू नका. "मला आत्ता खायचं आहे" असं स्पष्ट सांगायचं, वर्गात सांगत होतात तसंच. वेळा तिकडे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, तर डोस कसा सरकवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

टीसीएस म्हणजे तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर. तो गेला असं समजू नका. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कराच्या नोंदीत दिसतो, आणि विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो. कर लागतच नसेल तर परत मिळतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावंच लागतं. पेन्शन कमी आहे म्हणून भरत नसाल तर या वर्षी भरा. पैसे मुलानं दिले असतील आणि पावती त्याच्या पॅनवर असेल तर वजावटही त्यालाच मिळेल, म्हणून पावतीवरचं नाव आजच बघून घ्या. दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत, तुमच्या पावतीवर लिहिलेली रक्कम हीच खरी.

हातखर्च. नाश्ता आणि जेवणं कंपनीची असतील तर शंभर-दीडशे फ्रँक रोख पुरे, १० आणि २० च्या नोटांत. बाकी फॉरेक्स कार्डावर. स्वच्छतागृहाला काही ठिकाणी फ्रँक-दोन फ्रँक पडतात, म्हणून नाणी वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा. भेटवस्तूंसाठी सगळ्यांनी एकाच दुकानात घाई करू नका. एकाच दुकानात एका दिवशी कमीत कमी ३०० फ्रँकची खरेदी झाली तरच तिथला कर परत मागता येतो, त्यासाठी कागद भरून देश सोडताना शिक्का लागतो. तेवढी खरेदी नसेल तर त्या रांगेत उभंच राहू नका.

परतताना घरी येण्याच्या टॅक्सीसाठी भारतीय रुपये जवळ असू द्या. देशाबाहेर नेताना आणि परत आणताना माणशी २५ हजार रुपयांपर्यंत चालतात. उरलेल्या परकीय नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरात ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेला परत द्याव्या लागतात. फॉरेक्स कार्डावर थोडेच पैसे उरले असतील तर ते तसेच पडू देऊ नका. काही कार्डांवर न वापरल्याचा आकार महिन्याला कापला जातो, म्हणून परत आल्या आल्या शाखेत जाऊन ते खात्यात वळवा. नाणी मात्र इथे कुणी बदलून देत नाही. शेवटच्या दिवशी स्टेशनवरच्या दुकानात चॉकलेट घ्या, पाकिटातली सगळी नाणी काउंटरवर ठेवून मोजायला सांगा, आणि वर राहिलेली रक्कम कार्डानं भरा.